चेपलेला जोड

शालिग्रामच्या फिरत्या टॉकीजमधल्या तारा त्याची बायको जोडते, ही गोष्ट खामगाव तालुक्यात लहानथोरांना ठाऊक होती. ज्यांना नसे त्यांना शालिग्राम स्वतः सांगायचा. दिवेलागणीला तंबू भरला की तो कर्णा तोंडाशी धरून ओरडायचा, "मायबाप हो! या तंबूतला उजेड अन् आवाज आमच्या घरच्या लक्ष्मीच्या हातचा हाये!" लगेच बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना इंजिनाकडे वळायच्या. तिथं शेगडीपाशी बसलेली गोजरा पदर सावरून खाली बघायची. तिला लाज वाटते असं लोकांना वाटे. खरं तर ती दिवसभर त्याच क्षणाची वाट बघत असायची.

घराणं पिंपळगाव राजाच्या माळ्यांचं. वांगी, मिरची, कांदा. शालिग्रामचं मन मात्र मळ्यात कधी रमलं नाही. बंद पडलेल्या एका कंपनीचं सामान त्यानं उचललं: तेलावर चालणारं इंजिन, वीज करणारा डायनामो, चित्राचं मशीन आणि आवाजाची पेटी. बुलढाण्याला खेटे घालून डिप्टी कमिश्नरच्या कचेरीतून परवाना आणला. सामानाबरोबर आलेला मिस्तरी एका हंगामातच पळून गेला. शालिग्रामचे हात हिवतापानंतर कापायचे, त्यामुळं तारेला डाग देणं त्याच्यानं होईना. गोजरानं मिस्तरीला काम करताना पाहिलं होतं. एक दिवस तिनंच सळई उचलली.

तार चाकूनं खरवडून लखलखीत करायची, राळेत बुडवायची, शेगडीत तापलेली तांब्याच्या टोकाची सळई लावायची आणि वरून कथील टेकवायचं. हात स्थिर असला तर कथील पाण्यासारखं तारेत शिरतं आणि थंड झालं की चांदीच्या मण्यासारखं चमकतं. हात हलला तर तेच राखाडी, खरबरीत होतं, आणि तो डाग केव्हा दगा देईल सांगता येत नाही. गोजराचा हात हलायचा नाही. मूलबाळ नव्हतं, घरदार मागं राहिलं होतं, उभं आयुष्य या गावाहून त्या गावाला चाललं होतं. पण राळेचा वास नाकात शिरला की आपण कोणीतरी आहोत असं तिला वाटायचं.

मुक्काम जळगाव जामोदला असताना भगवान आला. शालिग्रामचा धाकटा भाऊ. लढाई लागली तेव्हा घरी न सांगता भरती झालेला, आणि आसामात विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात राहिलेला. अंगात खाकी सदरा, खांद्यावर एक लोखंडी पेटी, आणि बोलणं अगदी हळू. शालिग्रामनं त्याला मिठी मारली ती सोडेचना.

त्याच दिवशी इंजिनाची तार तुटली. ती नेहमीच तुटायची. गोजरानं सवयीनं शेगडीत कोळसे घातले.

"वहिनी, थांबा जरा," भगवान म्हणाला. त्यानं तुटलेलं टोक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे पाहा. तुमचा डाग तुटलाच नाई. तार डागाच्या मागून तुटली."

"मंग?" गोजरा म्हणाली.

"कथील तारेत वरपर्यंत चढते. जिथवर चढते तिथवर तार कडक होते, काडीवानी. इंजिन तं रात्रंदिवस थरथरून राह्यलं. कडक अन् नरम जिथं भेटते, तिथंच ते मोडते."

त्यानं पेटी उघडली. आत लांब दांड्यांची एक जाड पक्कड होती आणि डबीत तांब्याच्या टोप्या, एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला खिळ्यात अडकवायचं भोक. त्यानं तार सोलली, टोपीच्या नळीत घातली, पक्कडीच्या तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. कट्ट असा आवाज झाला. ना कोळसा, ना राळ, ना धूर.

"झालं," तो म्हणाला.

"बस? येवढंच?" शालिग्राम डोळे विस्फारून बघत राहिला. "अबे, ओढून पाहू काय?"

"ओढ ना दादा."

शालिग्राम तार धरून मागं झुकला, पाय रोवून झुकला. तार सुटली नाही. तो लहान पोरासारखा हसला आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. शेगडीतले कोळसे तेवढ्यात फुलले होते. गोजरानं त्यावर चहाचं पातेलं ठेवलं.

जळगावचा मुक्काम हलेपर्यंत ती तार तुटली नाही.

तार टिकली याचं गोजराला दुःख नव्हतं, असं ती स्वतःशी म्हणायची. पण रोज सकाळी ती आधी इंजिनापाशी जायची आणि तो जोड बघायची. तुटलेला नसे. मग दिवसभर तिचं डोकं ठणकायचं. भाकरी करताना ती अशी थापायची की तंबूच्या बायकांच्या दारावर तिकिटं देणारी अंबूबाई एकदा म्हणालीच, "अवो गोजराबाई, भाकर हाये ती. दिराचं टाळकं नोहे."

"कोन्या दिराचं?" गोजरा म्हणाली. "मले काय करनं हाये त्याच्याशी?"

अंबूबाई हसली. ती विधवा बाई, डोळ्यांनी फार काही बघायची आणि तोंडानं थोडं बोलायची.

दोघे भाऊ आता एका ताटात जेवायचे. शालिग्राम त्याला आसामच्या गोष्टी विचारायचा, विमानाच्या पोटात किती तारा असतात, त्या कशा चेपतात, आणि तेच तेच पुन्हा विचारायचा. जेवताना गोजराकडं त्याचं लक्ष फक्त भाजी संपली तरच जायचं. ती पक्कड तो स्वतः तेलाच्या चिंधीनं पुसून ठेवायचा. गोजराची सळई कधी त्यानं पुसली नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी, तंबू भरलेला असताना, तो कर्ण्यातून ओरडला, "मायबाप हो! लढाईवरून खास आलेला मिल्ट्रीचा मेकॅनिक भगवान, त्याच्या हातचा उजेड अन् आवाज!"

गोजरानं सवयीनं पदराला हात लावला होता. तो तसाच राहिला. बायकांच्या माना वळल्या त्या तिच्यावरून पलीकडं गेल्या, जिथं भगवान संकोचून उभा होता. एक पोरसवदा सासुरवाशीण तर त्याला नीट दिसावं म्हणून अर्धी उठली.

दुसऱ्या दिवशी पुरुष बाजारात गेले असताना गोजरानं भगवानच्या पेटीतून एक चेपलेला तुकडा उचलला. त्यानं नमुना म्हणून करून ठेवला होता. तंबूच्या मागं बसून तिनं तो कानशीनं घासायला घेतला. आत काहीतरी खोट सापडेल अशी तिची खात्री होती: पोकळी असेल, तारा सुट्या पडल्या असतील, वरून गोमटं आणि आतून फोलपट असेल. घासता घासता बोटं लाल झाली. अखेर आतलं तांबं उघडं पडलं. तारेच्या बारीक बारीक दोऱ्या वेगळ्या ओळखूच येत नव्हत्या. टोपी आणि तार मिळून एकच सलग, गुलाबी तांबं झालं होतं. सुईच्या टोकाला जागा नव्हती.

ती बराच वेळ तो तुकडा तळहातावर घेऊन बसली. खोटा असता तर तिला तो माफ करता आला असता.

भगवाननं नंतर तुकडा शोधला, पण कोणाला विचारलं नाही.

हळूहळू त्यानं सगळ्या तारा हाती घेतल्या. डायनामोच्या, दिव्यांच्या, चित्राच्या मशीनच्या. शालिग्रामच मागं लागायचा, "हेही चेपून टाक. तेही चेपून टाक. कायले ठेवतं ते जुनं?" जुनं म्हणजे गोजराचे डाग. कात्रीनं कापलेले ते चांदीचे मणी मातीत पडायचे आणि झाडू मारताना गोजरालाच ते गोळा करावे लागायचे. तिनं ते एका चिंधीत बांधून ठेवले. कथील पुन्हा वापरता येतं, असं ती अंबूबाईला म्हणाली.

तिच्याकडं फक्त आवाजाची पेटी उरली. चित्राच्या मशीनमधून त्या पेटीत एक तार जायची, केसासारखी बारीक. सगळा आवाज त्या तारेतून यायचा. भगवाननं एकदा ती पाहिली आणि म्हणाला, "हे वहिनींचं काम हाये. हे चेपायचं नाई."

गोजराला त्याचाही राग आला. हा कोण आपल्याला आपलं काम वाटून देणारा!

दसऱ्याला ते देऊळगाव राजाला पोचले. बालाजीची जत्रा. जालन्याकडून, निजामाच्या मोगलाईतून बैलगाड्यांची रांग लागलेली, रेवड्या, बांगड्या, पाळणे, आणि सगळ्यांत उंच शालिग्रामचा तंबू. सामान उतरवताना आवाजाची पेटी आपटली आणि ती बारीक तार उपटून आली. गोजरा तेव्हा अंबूबाईसोबत पाणी आणायला गेली होती. परत आली तेव्हा शालिग्राम भगवानला म्हणत होता, "अबे, तिची वाट काऊन पाहतं? शेगडी पेटवनार कधी, सळई तापनार कधी! तू चेप ना."

"दादा, येवढी बारीक टोपी मायापाशी नाई."

"मोठी लाव. तार दुमडून घाल. येवढे विमानं उडवले तुम्ही, अन् एक तार होत नाई?"

भगवाननं मान हलवली. पण थोरल्या भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं तार दुमडली, मोठ्या टोपीत घातली आणि चेपली.

दुपारी माणसं जेवायला गेल्यावर गोजरा पेटीपाशी गेली. तिनं बोटाच्या टोकानं तार हलकेच फिरवली. तार टोपीच्या आत फिरली. इतकी थोडी, की दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. गोजराला कळलं. हा जोड खेळ सुरू झाला की दम सोडणार. शालिग्राम तंबूच्या दारातच उभा होता. एक हाक मारली की पुरे.

तिनं हाक मारली नाही. ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

दिवे लागले. तंबू इतका भरला की बाया एकमेकींच्या मांडीवर बसल्या. शालिग्रामनं कर्ण्यातून मिल्ट्रीच्या मेकॅनिकचं नाव पुकारलं. खेळ सुरू झाला. सुरुवातीचं बोलणं नीट ऐकू आलं. मग गाणं लागलं, आणि गाण्याच्या मध्यातच चरचर, फडफड, खरखर. पडद्यावरची बाई तोंड हलवत राहिली आणि आवाज बंद.

आधी शिट्ट्या. मग आरडाओरडा. मग कोणीतरी दगड भिरकावला, तो कापडावर धप्पकन आदळला. भगवान पेटीपाशी गुडघ्यावर बसून तार दाबून धरत होता. दाबली की आवाज येई, सोडली की जाई.

शालिग्राम धावत आला. "अबे, काय केलं हे? माया तंबूची इज्जत घालवली! मिल्ट्रीचा कचरा आनून भरला माया घरात!"

भगवाननं तार दाबूनच धरली. तूच सांगितलंस, असं तो म्हणाला नाही.

"गोजरा!" शालिग्राम ओरडला. "सळई तापव! लवकर!"

"तापली हाये," गोजरा म्हणाली.

ती आली. कोळसे लालभडक होते, सळई तयार होती, राळेची डबी पदराच्या गाठीत होती. तिनं टोपी कापून टाकली, तार खरवडली, राळ लावली आणि सळई टेकवली. धुराची एक रेघ उठली. कथील तारेत शिरलं आणि चमकलं. तिनं फुंकर मारली नाही, तसं केलं तर डाग खरबरीत होतो. ती नुसती थांबली. मग पडद्यावरची बाई गाऊ लागली, गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, आणि सगळ्या तंबूनं टाळ्या पिटल्या.

गोजराला हसू आवरेना. तिनं मान वर केली. भगवान तिच्याकडं बघत नव्हता. तो शेगडीकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी घासत असताना तो आला आणि जरा अंतरावर उकिडवा बसला. जायचं ठरवून त्यानं आपली पेटी बांधली होती.

"शेगडी आधीच पेटलेली होती, वहिनी," तो म्हणाला.

राखेचा हात तसाच ठेवून गोजरानं त्याच्याकडं पाहिलं. "हाव. होती."

"चहा तं झाला होता तोवर."

"झाला होता. मंग? तुम्ही ते चेपताना मले इचारलं होतं? माये डाग कापून फेकले तवा इचारलं होतं?"

"नाई इचारलं," भगवान म्हणाला. "इचारायले पायजे होतं." आणि उठला.

त्यानं भांडावं, ओरडावं, निदान दादाला सांगीन म्हणावं, अशी तिची इच्छा होती. तसं झालं असतं तर दोघं बरोबरीत आले असते. पण तो नुसता गेला, आणि जाताना तिची पाण्यानं भरलेली बादली उचलून चुलीपाशी ठेवून गेला. त्या चांगुलपणाचाही तिला हेवा वाटला. तिला तो जमला नसता.

जालन्याची मोटर दुसऱ्या दिवशी होती, म्हणून भगवान संध्याकाळी तंबूतच होता, इंजिनाच्या मागं, अंधारात. तंबू पुन्हा भरला. शालिग्रामनं कर्णा उचलला. "मायबाप हो! कालची खराबी मिल्ट्रीवाल्याची होती! त्याले आपन घालवून दिलं! आज सगळं पुन्हा आमच्या घरच्या लक्ष्मीच्या हातचं हाये!"

बायकांच्या माना वळल्या. एक सासुरवाशीण तर तिच्याकडं बघून हसली. हेच हवं होतं. पण गोजराला पदर सावरायचं सुचलं नाही. तिला तो कर्णा धरलेला कापरा हात दिसत होता. ज्या तोंडानं पंधरा दिवस भावाला डोक्यावर घेतलं, त्याच तोंडानं सगळ्या जत्रेसमोर त्याला मातीत घातलं. उद्या तिची तार तुटली तर? सख्खा भाऊ होता तो. आपण तर दुसऱ्या घरातून आलेल्या.

शिवाय ते खोटंही होतं. इंजिनाची तार चेपलेलीच होती आणि चांगली चालली होती.

खेळ रंगात आल्यावर ती उठली आणि इंजिनाच्या मागं गेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती पक्कड काढा."

"कायले?"

"मले दाखवा."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पेटी सोडली. कंदिलाच्या उजेडात त्यानं तिला टोपी आणि तारेची जाडी जुळवून दाखवली. "तार नळीत घट्ट गेली पायजे. सैल असली तं चेपूच नोका. जे हलते, थरथरते, ते चेपायचं. जे जागेवर बसून राह्यते, बारीक असते, ते डागायचं. माया हातून काल तेच चुकलं. मले माहीत होतं, तरी चुकलं."

"मलेही माहीत होतं," गोजरा म्हणाली. एवढंच. भगवाननं पक्कड तिच्या हातात दिली.

पक्कड जड होती. पहिल्या खेपेला तिच्या हातून ती पुरती मिटलीच नाही. दुसऱ्यांदा तिनं एक दांडी जमिनीवर टेकवली, दुसरीवर अंगाचा भार दिला, आणि कट्ट झालं. भगवाननं जोड ओढून पाहिला. "पक्का हाये," तो म्हणाला. गोजरानं तो त्याच्या हातून घेतला आणि स्वतः ओढला, त्यानं ओढला होता त्याहून जोरात.

सकाळी ती शालिग्रामपुढं उभी राहिली. "अजी, त्या मोठ्या टोपीचं तुम्हीच सांगतलं होतं. मी पान्यावरून येताना ऐकलं. अन् ते ढिलं हाये, हे मले दुपारीच समजलं होतं. मी बोलली नाई."

शालिग्राम आधी तिच्यावर चिडला, मग स्वतःवर, आणि शेवटी मोटरस्टँडकडं चालू लागला. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर धुरात उभी होती. दोघा भावांत काय बोलणं झालं ते गोजराला कळलं नाही. भगवान परत आला नाही, पण शालिग्राम परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ती लोखंडी पेटी होती.

"तुले देली त्यानं," तो गोजराला म्हणाला, जरा रुसल्यासारखा. "मी म्हनलं मले दे, तं म्हने वहिनीले देजो."

त्यानंतर टॉकीजमधल्या तारा दोन्ही रीतींनी जोडल्या जाऊ लागल्या, आणि कुठली कशी हे गोजराच ठरवायची. इंजिनाच्या तारा तुटणं थांबलं. आवाज स्वच्छ येत राहिला. पक्कड आता ती स्वतः पुसायची, आणि शालिग्रामनं एकदा कौतुकानं ती उचलली तर तिनं त्याच्या हातून काढून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मुक्काम पुन्हा जळगाव जामोदला पडला. भगवान तिथल्याच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला होता. तो खेळाला आला, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. शालिग्रामनं त्याला गळ्याशी धरलं. अंबूबाईनं चहा आणला. भगवान बोलता बोलता इंजिनाकडं गेला आणि वाकून जोड बघू लागला. एका दिव्याच्या तारेची टोपी झिजली होती. त्यानं नकळत पेटीकडं हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," गोजरा म्हणाली. "पाव्हने आहा तुम्ही. बसा खुर्चीवर."

तो हसला आणि हात मागं घेतला. गोजरा हसली नाही. तिनं पेटी स्वतःकडं ओढली, पक्कड काढली आणि तो बघतोय याची खात्री करून टोपी निवडायला बसली.